अजमेर, दिल्ली की खुलदाबाद? चिश्ती परंपरा समजून घ्यायला आधी कुठे जावं

‘सूफींबद्दल नीट समजून घ्यायचंय, अजमेरला जाऊन येऊ का?’ हा प्रश्न मला अनेकदा विचारला जातो आणि मी दरवेळी उलट विचारतो, ‘नवस फेडायचाय की समजून घ्यायचंय?’ कारण उत्तर त्यावर ठरतं. नवस असेल तर अजमेरला पर्याय नाही. समजून घ्यायचं असेल तर दिल्ली आणि आपलं मराठवाड्यातलं खुलदाबाद या दोन जागांचा विचार आधी करायला हवा.

तिन्ही दर्गे एकाच घराण्याचे, म्हणजे चिश्ती सिलसिल्याचे. चिश्त हे अफगाणिस्तानात हेरातजवळचं गाव, त्यावरून हे नाव पडलं. सूफी विचार त्याच्याही कितीतरी आधीचा. इराकमधल्या बसऱ्याची सूफी साध्वी राबिया 801 मध्ये वारली. स्वर्गाची आशा नको, नरकाची भीती नको, केवळ ईश्वराच्या ओढीने भक्ती करायची, हा तिचा आग्रह. सूफी संत हल्लाजला 922 मध्ये बगदादमध्ये जाहीरपणे ठार केलं गेलं. पण बसरा-बगदादला जाणं आपल्यातल्या बहुतेकांना जमणारं नाही. चिश्ती मंडळी मात्र आपल्या दारात आली, इथली भाषा बोलली, इथलं गाणं ऐकत बसली. म्हणून सुरुवात त्यांच्यापासून करावी असं मला वाटतं.

अजमेर

ख्वाजा मोईनुद्दीन चिश्ती मूळचे इराण-अफगाणिस्तान सीमेवरच्या सिस्तानकडचे. 12व्या शतकाच्या अखेरीस ते अजमेरला आले आणि 1236 मध्ये तिथेच वारले. इथे एक गोष्ट लोकांना सांगितली की ती आवडत नाही. ख्वाजांच्या हयातीत त्यांच्याविषयी लिहिलेलं काहीही आज हाती नाही. सविस्तर चरित्र मिळतं ते त्यांच्यानंतर शंभरएक वर्षांनी लिहिलेलं. त्यांच्या नावावर खपवली जाणारी वचनांची पुस्तकं मागाहून रचलेली आहेत, असं अभ्यासक मानतात. आमच्या पीरांनी पुस्तकं लिहिली नाहीत, असं याच परंपरेतल्या नसीरुद्दीन चिराग देहलवींनी 14व्या शतकातच सांगून ठेवलंय.

त्यामुळे अजमेरला ख्वाजांपेक्षा जास्त दिसतात ते त्यांच्या पायाशी आलेले लोक. 15व्या शतकात माळव्याच्या खिलजी सुलतानांनी इथे बांधकाम केलं. सलीमचा जन्म झाल्यावर अकबर 1570 मध्ये आग्र्याहून पायी चालत आला. मोठी देग त्याची, धाकटी जहांगीरची, संगमरवरी मशीद शाहजहानची, बेगमी दालान त्याच्या मुलीचं, जहाँआराचं आणि पुढचा उंच दरवाजा हैदराबादच्या सातव्या निझामाचा. देगेत शिजतो तो तूप-साखरेचा, सुकामेवा घातलेला केशरी भात. मांसाचा तुकडा नसतो, त्यामुळे तो सगळ्यांना चालतो. रात्री शिडी लावून भात काढतात तेव्हा कढईच्या तोंडाशी जो गरम, गोडसर वाफेचा लोट येतो, तो एकदा अंगावर घ्यावा असाच.

रजब महिन्याच्या पहिल्या सहा दिवसांत उरूस असतो. त्या काळात इतिहास बघायला म्हणून जाऊ नका. पाय जमिनीला लागणार नाहीत आणि एकही शिलालेख धड वाचून होणार नाही. हिजरी वर्ष चांद्र असल्यामुळे उरुसाची तारीख दरवर्षी दहा-अकरा दिवस अलीकडे सरकते, तेवढं पंचांग आधी बघून ठेवा.

दिल्ली

निजामुद्दीन औलिया 1238 मध्ये बदायूंला जन्मले आणि 1325 मध्ये दिल्लीत वारले. त्यांचे गुरू अजोधनचे बाबा फरीद. दिल्लीची बाजू जड होते ती एका माणसामुळे, अमीर हसन सिजझीमुळे. हा दरबारी कवी, सैन्यातला माणूस, पन्नाशी ओलांडल्यावर निजामुद्दीनांचा मुरीद, म्हणजे शिष्य, झाला. 1308 ते 1322 या काळात निजामुद्दीन काय बोलले, कुणाला काय उत्तर दिलं, हे तो घरी जाऊन लिहून ठेवायचा. अशा 188 बैठकी त्याने टिपल्या. गुरूने त्यातली पानं स्वतः डोळ्यांखालून घातली, राहून गेलेलं भरून दिलं. ‘फवाइद-उल-फुआद’ हे ते पुस्तक. आपल्याकडच्या सूफींचं इतकं खात्रीचं, इतकं जवळून टिपलेलं बोलणं त्याआधीचं मिळत नाही. जाण्याआधी त्याचा उर्दू, हिंदी, मिळेल तो अनुवाद चाळून जा. न वाचता गेलात तर गुलाबाच्या पाकळ्या, अत्तर आणि कबाबांचा धूर एवढंच लक्षात राहतं.

या पुस्तकातले निजामुद्दीन चमत्कारांवर फार वेळ घालवत नाहीत. उपाशी माणसाला जेवू घालणं, कुणाचं मन न दुखवणं, सुलतानाकडून जहागीर न घेणं, हेच पुन्हा पुन्हा येतं. आपणहून आणून दिलेली भेट, म्हणजे ‘फुतूह’, तेवढी घ्यायची आणि वाटून टाकायची. सुलतान भेटीला येणार असं कळल्यावर ‘माझ्या घराला दोन दारं आहेत, तो एका दाराने आला तर मी दुसऱ्याने जाईन’ असं ते म्हणाल्याचं सांगतात. त्याच काळात मुलतानचे सुहरावर्दी सूफी सत्तेशी संबंध ठेवून होते, कोठारं भरून होते, आणि त्यांना त्यात काही वावगं वाटत नव्हतं. सगळे सूफी विरक्त फकीर होते, ही आपली समजूत निदान इथे तरी सोडावी लागते.

दिल्लीत रिवाज असा की आधी निजामुद्दीनांचा शिष्य, कवी अमीर खुस्रोच्या कबरीला सलाम करायचा, मग गुरूच्या. खुस्रो गुरूपाठोपाठ काही महिन्यांतच, त्याच 1325 साली गेला. गुरुवारी संध्याकाळी अंगणात कव्वाली असते. तबला-ढोलकीपेक्षा टाळ्यांचाच ठेका कानात राहतो. बायकांना मुख्य मजारीच्या आत जाता येत नाही, जाळीबाहेर बसावं लागतं. अजमेरला आत जाता येतं. कुटुंबासोबत जाणार असाल तर हा फरक आधीच घरी सांगून ठेवा, तिथे गेल्यावर हिरमोड नको.

त्याच अंगणात जहाँआराची कबर आहे. वर छत नाही, मध्ये माती आणि गवत. माझ्या कबरीवर हिरव्या गवताशिवाय काही घालू नका, असं तिचंच फारसी सांगणं तिथे कोरलंय. हे डोक्यात ठेवून आता खाली दख्खनमध्ये उतरा.

खुलदाबाद

खुलदाबाद म्हटलं की हल्ली लोकांना एकच कबर आठवते, औरंगजेबाची. तो इथे का आहे, हा प्रश्न फारसं कुणी विचारत नाही. 1707 मध्ये अहमदनगरजवळ वारलेल्या बादशहाला इथे आणलं, कारण सूफी संत झैनुद्दीन शिराझींच्या पायाशी पुरा, अशी त्याची इच्छा होती. त्याचीही कबर उघडी, मातीची, वर सब्जाचं रोप. बहीण दिल्लीत निजामुद्दीनांपाशी, भाऊ खुलदाबादला निजामुद्दीनांच्या शिष्याच्या शिष्यापाशी, आणि दोघांच्याही कबरीवर माती. सत्तेच्या लढाईत ही दोघं विरुद्ध बाजूंना होती, हे आठवलं की त्या जागी मला जरा थबकायला होतं.

आता मूळ गोष्ट. 1327 च्या सुमारास मुहंमद बिन तुघलकाने राजधानी दौलताबादला हलवली, तेव्हा दिल्लीतल्या सूफींनाही यावं लागलं. त्यांत निजामुद्दीनांचे वयोवृद्ध शिष्य बुऱ्हानुद्दीन गरीब होते. त्यांचे भाऊ मुंतजिबुद्दीन, म्हणजे जर जरी जर बख्श, त्यांच्या आधीच इथे आलेले. बुऱ्हानुद्दीन 1337 मध्ये वारले, त्यांचे उत्तराधिकारी झैनुद्दीन 1369 मध्ये. तापीकाठचं बुऱ्हाणपूर आणि नदीपलीकडचं झैनाबाद ही गावं या दोघांच्या नावावर खानदेशच्या फारुकी सुलतानांनी वसवली. बुऱ्हाणपूरची जिलेबी खाताना हे कुणाच्या ध्यानात येत नाही!

बुऱ्हानुद्दीनांची एक हकिकत मला फार आवडते. दिल्लीत असताना पाय साथ देईनात म्हणून ते घोंगडीची घडी घालून तिच्यावर बसायचे. कुणीतरी गुरूच्या कानावर घातलं की हे तर स्वतःच गादी मांडून पीर होऊन बसलेत. निजामुद्दीनांनी बोलणं टाकलं. म्हातारा माणूस रडत घरी बसला. शेवटी खुस्रो आपली पगडी गळ्यात अडकवून, अपराध्यासारखा गुरूसमोर उभा राहिला आणि त्यांची माफी मिळवून दिली. संतांमध्येही चहाडी चालायची, रुसवेफुगवे चालायचे, आणि मध्ये पडणारा एक दोस्त लागायचा. समा, म्हणजे सूफींचं भक्तिगायन, ऐकताना भान हरपून नाचण्याची बुऱ्हानुद्दीनांची ढब इतकी ठळक होती की तशा नाचाला ‘बुऱ्हानी’ असंच नाव पडलं.

आणि ज्याने दिल्लीतल्या 188 बैठकी टिपल्या तो अमीर हसन? तोही राजधानीबरोबर दख्खनला आला आणि त्याची कबर खुलदाबादलाच आहे. पुस्तक दिल्लीचं, लिहिणारा आपल्या मराठवाड्यात झोपलेला. त्याची टिपून ठेवण्याची सवय इथे मुरली, आणि बुऱ्हानुद्दीनांची, झैनुद्दीनांची बोलणीही शिष्यांनी फारसीत लिहून ठेवली. म्हणजे अजमेरला जे मिळत नाही, ते इथे मिळतं.

सोय म्हणाल तर छत्रपती संभाजीनगरहून साधारण 25 किलोमीटर, वेरूळ हाकेच्या अंतरावर. बुऱ्हानुद्दीन आणि झैनुद्दीन यांचे दर्गे रस्त्याच्या दोन बाजूंना समोरासमोर आहेत. बुऱ्हानुद्दीनांच्या आवारात हैदराबादच्या निझाम घराण्याचा मूळपुरुष पहिला आसफजाह पुरलेला आहे. मलिक अंबरची कबर गावाबाहेर. श्रावणातल्या शनिवारी मात्र भद्रा मारुतीला रात्रभर पायी येणाऱ्यांची रीघ असते, तेव्हा गाडी घेऊन जाण्यात अर्थ नाही. वाटेत दौलताबादला उतरलात तर चांद बोधलेंची समाधी विचारा. एकनाथांचे गुरू जनार्दनस्वामी, त्यांचे गुरू चांद बोधले, आणि ते कादिरी सूफी होते, अशी परंपरा आहे. श्रीगोंद्याचे शेख महंमदही त्यांचेच शिष्य मानले जातात. वारकऱ्यांच्या घरात वाढलेल्या माणसाला इथून आत शिरणं सोपं जातं.

उणी बाजूही सांगतो. खुलदाबादला गर्दी नाही तशी कव्वालीही रोज नाही, माहितीचे फलक अपुरे आहेत, आणि वाचून न गेलेल्याला अर्ध्या तासात ‘झालं बघून’ असं वाटतं.

सोलापूर-लातूरकडचे लोक गुलबर्ग्याचं काय, असं विचारतील. ख्वाजा बंदेनवाज गेसूदराज हे याच सिलसिल्यातले, चिराग देहलवींचे शिष्य. लहानपणी दौलताबादला राहिलेले, वडील खुलदाबादलाच पुरलेले. तैमूर चालून आला तेव्हा, 1398 मध्ये, त्यांनी दिल्ली सोडली, पुढे बहमनी राजधानीत, म्हणजे गुलबर्ग्यात, स्थिरावले आणि 1422 मध्ये वारले. आधीच्या चिश्तींनी पुस्तकं लिहायचं टाळलं, यांनी मात्र भरपूर लिहिलं. जवळ राहत असाल तर जरूर जा, पण पहिली भेट म्हणून मी सुचवणार नाही. आधीच्या तीन पिढ्या माहीत नसतील तर त्यांचं वेगळेपण कळत नाही.

मला विचाराल तर एकच शनिवार-रविवार हाताशी असेल, तर अमीर हसनच्या पुस्तकातली पन्नासेक पानं वाचा आणि खुलदाबादला जा. कामानिमित्त दिल्लीला जाणं होतच असेल, तर एक गुरुवार राखून ठेवा आणि खुस्रोपासून सुरुवात करा. घरात आजीचा नवस बाकी असेल तर हे सगळं बाजूला ठेवा, तिला घेऊन अजमेरला जा आणि देगेतला भात घरी आणा. खुलदाबादला अमीर हसनची कबर मात्र मुख्य दर्ग्यांपासून जरा बाजूला आहे. तिथे कुणी आपणहून नेत नाही, विचारत विचारतच जावं लागतं.