बेडकांच्या त्वचारोगाची तपासणी : विद्यापीठातील एका प्रयोगशाळेची सेवा

संकटग्रस्त बेडकांच्या सर्वेक्षणात घेतलेले त्वचेचे नमुने आम्ही कायट्रिड या उभयचरांच्या त्वचेला ग्रासणाऱ्या बुरशीच्या तपासणीसाठी एका विद्यापीठाच्या प्रयोगशाळेकडे पाठवले होते, आणि तेथील कामाचा दर्जा पाहता ही सेवा मी निःसंकोचपणे सुचवेन. १९९९ मध्ये शास्त्रीय वर्णन झालेल्या या बुरशीमुळे उभयचरांच्या किमान ५०१ प्रजातींची संख्या घटली असून त्यांपैकी ९० नामशेष झाल्या असाव्यात, असे २०१९ च्या जागतिक आढाव्यात नमूद आहे. त्यामुळे येथे ढिसाळपणाला जागा नाही.

नमुने घेण्यासाठी मिळणाऱ्या संचातील प्रत्येक निर्जंतुक बोळा स्वतंत्र नळीत बंद असतो. पोट, मांड्या आणि मागच्या पायांच्या बोटांमधील पडदे यांवरून तो कसा फिरवावा, तसेच प्रत्येक बेडकानंतर हातमोजे का बदलावेत, हे सूचनापत्रात नेमके सांगितले आहे. सर्वांत मोलाचा वाटला तो अहवाल. त्यात संसर्ग आहे की नाही एवढ्यावर न थांबता पीसीआरने (बुरशीचा डीएनए अनेक पटींनी वाढवून शोधणाऱ्या चाचणीने) मोजलेले त्याचे प्रमाणही दिलेले असते, आणि तेच निर्णायक ठरते, कारण संसर्ग वाढत गेला की त्वचेतून होणारी क्षारांची देवाणघेवाण बिघडून अखेर बेडकाचे हृदय बंद पडते. मातीमुळे चाचणीत अडथळा आलेले नमुने त्यांनी विरळ करून पुन्हा तपासले, हेही आवर्जून सांगायला हवे.

अहवालास लागणारा विलंब मात्र खटकतो. प्रजननाचा हंगाम उलटल्यावर हाती आलेल्या निष्कर्षांचा संवर्धनासाठी फारसा उपयोग होत नाही, म्हणून नमुने पाठवण्याची वेळ हंगामापूर्वीच ठरवून घ्यावी.