पुण्यात रोजच्या वापराला पिकअप: हायलक्स, व्ही-क्रॉस, हाय-लँडर की सरळ कॅम्पर?

पुण्यात राहून पिकअप कशाला पाहिजे असं घरच्यांपासून सोसायटीच्या वॉचमनकाकांपर्यंत सगळ्यांनी विचारून झालंय. माझं टेरेस गार्डनचं काम आहे, कोथरूड, बावधन, बाणेर ह्या पट्ट्यात. सकाळी उरुळी कांचनच्या बाजूच्या नर्सरीतून रोपं, कुंड्या, कोकोपीट, खताची पोती उचलायची, ती क्लायंटकडे टाकायची आणि संध्याकाळी त्याच गाडीतून मुलाला क्लासला सोडायचं, रविवारी सासू-सासऱ्यांना घेऊन भोरजवळच्या शेतावर जायचं. आत्तापर्यंत हॅचबॅक आणि भाड्याचा टेम्पो असं भागवलं, पण टेम्पोवाला दहाला येतो म्हणून बाराला येतो आणि तोवर उन्हात रोपं माना टाकतात, त्यामुळे आता एकच गाडी घ्यायची जी दोन्ही कामं करेल असं ठरलं. मग गेले काही महिने हेच चाललंय, शोरूम, टेस्ट ड्राइव्ह, आणि मामेभावाकडे इसुझूची व्ही-क्रॉस आहे ती मागून आणून चालवणं.

मत आधीच सांगते म्हणजे ज्यांना घाई आहे त्यांचं काम होईल. शहरात राहणाऱ्या आणि आठवड्यातून थोडा माल नेणाऱ्या माणसाला इसुझूची टू-व्हील ड्राइव्ह, म्हणजे इंजिनाचा जोर फक्त मागच्या दोन चाकांना देणारी, हाय-लँडर पुरते. पैसे असतील आणि लांबचे प्रवास जास्त असतील तर टोयोटा हायलक्स. आणि माल खरंच जड असेल, म्हणजे रोज टनाच्या आसपास, तर ह्या दोन्हींचा नाद सोडा आणि महिंद्राची बोलेरो कॅम्पर घ्या.

आता सविस्तर.

टाटांनी टाटामोबाईल १९८८ साली आणली तेव्हापासून आपण पुणेकर पिकअप बघतोय, पुढे २०७, मग झेनॉन, तिकडे महिंद्राची स्कॉर्पिओ गेटअवे, पण झेनॉन आणि गेटअवे दोन्ही बंद झाल्या. महिंद्राने १५ ऑगस्ट २०२३ ला केप टाऊनला स्कॉर्पिओ-एन वर बेतलेली पिकअप कॉन्सेप्ट म्हणून दाखवली होती, ती चाकणची गाडी म्हणून मला फार आवडली असती, पण आज घ्यायचीये तर आजच्या शोरूममध्ये जे आहे त्यातूनच निवडायचं. घरची गाडी म्हणून चालेल अशा डबल केबिनमध्ये, म्हणजे मागेही सीट असलेल्यांत, मग हायलक्स आणि इसुझूची जोडी एवढंच उरतं. हायलक्सला फॉर्च्युनरचंच २.८ लिटरचं डिझेल इंजिन आहे, २०४ पीएस, मॅन्युअलला ४२० न्यूटन मीटर टॉर्क (म्हणजे ओढायचा जोर) आणि ऑटोमॅटिकला ५००. व्ही-क्रॉस आणि हाय-लँडर दोन्हींना १.९ लिटरचं डिझेल, १६३ पीएस आणि ३६०. आकडे बघून हायलक्सकडे मन ओढतं हे मान्य, चालवल्यावर तर अजूनच ओढतं, पण कर्वे रोडवर सिग्नल टू सिग्नल जाताना ५०० टॉर्कचं करायचं काय हा प्रश्न मी स्वतःला विचारला आणि तुम्हीही विचारा.

सगळ्यात आधी पार्किंग. हे कुठल्याच रिव्ह्यूमध्ये नीट सांगत नाहीत आणि पुण्यात खरी अडचण इथेच येते. बिल्डिंगच्या नियमांप्रमाणे कारचं पार्किंग धरतात अडीच मीटर बाय पाच मीटर. हायलक्सची लांबी आहे ५.३२५ मीटर, इसुझूच्या गाड्याही ५.३ च्या आसपास. म्हणजे भिंतीला अगदी टेकवून लावली तरी फूटभर नाक ड्राइव्हवेमध्ये बाहेर राहणार, आणि समोरच्या काकांना त्यांची गाडी काढताना ते नाक रोज दिसणार. रुंदी १.८५५ मीटर, त्यामुळे दोन्ही बाजूला खांब असतील तर दार उघडून उतरताना पोट आत घ्यावं लागतं. स्टॅक पार्किंग, म्हणजे एकावर एक गाड्या लावायचं, असेल तर विषयच संपला, त्यात पाच मीटरच्या वरची गाडी बसत नाही. मी टेप घेऊन खाली गेले, आमच्या जागेच्या मागे भिंत आणि बीमच्या मधे थोडी मोकळी जागा निघाली म्हणून जमलं, नाहीतर हा विषय मी तिथेच बंद केला असता. आणि ज्यांना जमणार नाही त्यांनी रस्त्यावर लावू असा विचार करू नका, पेठेत आणि कोथरूडच्या आतल्या गल्ल्यांमध्ये ही गाडी लावली की शेजाऱ्याची स्कूटरसुद्धा निघत नाही आणि रोजची भांडणं होतात. व्हीलबेस ३ मीटरच्या वर असल्यामुळे अरुंद रस्त्यावर यू-टर्न एका दमात होत नाही, मागेपुढे करावंच लागतं, मंडईच्या बाजूला तर मी ही गाडी नेणारच नाही, तिथे रिक्षा बरी.

दुसरं, मागची सीट. टेस्ट ड्राइव्हला आपण सगळे ड्रायव्हर सीटवर बसतो, पुढून ह्या गाड्या मस्तच वाटतात, उंच, सगळं खाली दिसतं. पण मागच्या चाकांना पाटे, म्हणजे ट्रकसारख्या लोखंडी पट्ट्यांच्या स्प्रिंग, आहेत, तिन्ही गाड्यांना, हायलक्स महाग आहे म्हणून तिला कॉइल स्प्रिंग असतील असं समजू नका. पाटे बनवलेत वजन पेलायला, हौदा रिकामा असला की त्यांना दाबायला काही नसतं, मग स्पीडब्रेकरवर पुढचं चाक शहाण्यासारखं उतरतं आणि मागचं उडी मारतं. मामेभावाच्या व्ही-क्रॉसमध्ये मी सासूबाईंना मागे बसवून पौड रोडने चांदणी चौकाकडे नेलं, त्या काही बोलल्या नाहीत, पण पूर्ण वेळ एका हाताने वरचं हँडल धरून आणि दुसरा हात कमरेवर. घरी येऊन म्हणाल्या, "गाडी चांगली आहे गं, पण मी पुढे बसेन." ह्याच्यापेक्षा खरा रिव्ह्यू मला कुठे मिळाला नाही. डबल केबिनमध्ये मागच्या सीटची पाठ हौद्याच्या भिंतीला लागून असते, त्यामुळे ती सरळ असते, रेलून बसता येत नाही. तासाभरासाठी ठीक आहे, कोल्हापूरपर्यंत जायचं असेल तर घरातल्या वयस्कर माणसांना पुढची सीट द्यायची हे आधीच ठरवून टाका. गंमत म्हणजे हौद्यात दहा-बारा पोती खत टाकून तीच गाडी त्याच रस्त्याने आणली तर एकदम शांत, जमिनीला धरून चालली. मामेभाऊ रिकाम्या गाडीला मागच्या टायरची हवा कंपनीने दाराच्या स्टिकरवर कमी वजनासाठी दिलीये तेवढीच ठेवतो, बरेच पंपवाले मोठी गाडी बघून सवयीने जास्त भरतात आणि मग उड्या अजून वाढतात, तेव्हा आकडा आपण सांगायचा.

हायलक्स इथे थोडी बरी आहे का, तर हो, थोडी. हायवेला तर नक्कीच, सातारा रोडला ती फार निवांत पळते. पण शहरातल्या वेगाला फरक एवढा नाही की त्यासाठी दहा-बारा लाख जास्त मोजावेत.

तिसरं, वजन, आणि इथे लोकांची सगळ्यात जास्त गल्लत होते. पिकअप म्हणजे एक टन घेणारच असं आपल्या डोक्यात बोलेरो पिकअपमुळे बसलंय. तसं नाहीये. पांढऱ्या पाटीची लाइफस्टाइल पिकअप किती वजन घेऊ शकते हे सेल्समनला विचारू नका, कागदावर बघा: ग्रॉस व्हेइकल वेट (माणसं-मालासकट गाडीचं जास्तीत जास्त वजन) वजा रिकाम्या गाडीचं वजन, आणि जे उरतं त्यात माणसंही आली. पाच मोठी माणसं म्हणजे साडेतीनशे किलो तिथेच गेले. आता माझ्या धंद्यातलं सांगते. कोकोपीटची वीट पाच किलोची, तिने हौदा वरपर्यंत भरला तरी चालून जातं. पण ओली लाल माती घनमीटरला दीड टनाच्या वर भरते, आणि ह्या हौद्यात काठोकाठ भरली तर साधारण घनमीटरभर माती बसते. बसते म्हणून भरायची नाही! दिसायला हौदा अर्धाच दिसतो आणि गाडीचं नाक वर गेलेलं असतं, पुढचा ब्रेक नीट धरत नाही, कात्रजच्या उताराला हे जिवावर बेतू शकतं. माझं गणित असं झालं की माती आणि विटा टेम्पोनेच येणार, वर्षातून मोजक्या वेळा, आणि रोपं, कुंड्या, पाइप, कोकोपीट, शिडी हे सगळं पिकअपमधून. तुमचा रोजचाच माल माती, टाइल्स, सिमेंट असेल तर कॅम्पर, तिची क्षमताच टनाची आहे, इंजिन ७५ एचपीच्या आसपासचं, साधं, कुठेही दुरुस्त होणारं, आणि किंमत निम्मी. फक्त तिच्यात घरच्यांना घेऊन फिरायची स्वप्नं बघू नका, ती कामाची गाडी आहे आणि त्या कामात तिला तोड नाही.

हौद्याची लांबी साधारण पाच फूट, त्यामुळे आठ बाय चारची प्लायवूड शीट चाकांच्या फुगवट्यांवर टेकून बसते आणि फाळका उघडा ठेवला तरी बाहेर येते. भवानी पेठेतून प्लाय आणायचा विचार असेल तर हे लक्षात ठेवा, बाहेर लोंबणारा माल धोक्याचाही आहे आणि पोलिसही धरतात.

पाटीचं एकदा नीट समजून घ्या. हायलक्स, व्ही-क्रॉस, हाय-लँडर पांढऱ्या पाटीवर घेता येतात, कॅम्पर पिवळ्या पाटीवर येते. पिवळी म्हणजे पहिली आठ वर्षं दर दोन वर्षांनी फिटनेस आणि नंतर दरवर्षी, इन्शुरन्स कमर्शियलचा. लायसन्सची मात्र भीती बाळगू नका, नोव्हेंबर २०२४ मध्ये सुप्रीम कोर्टाने स्पष्ट केलंय की साडेसात टनांखालची ट्रान्सपोर्ट गाडी एलएमव्ही, म्हणजे हलक्या वाहनाच्या, लायसन्सवर चालवता येते. आणि फास्टॅग देताना क्लास कुठला टाकलाय ते तिथेच बघून घ्या. एक्स्प्रेसवेला एप्रिल २०२३ पासून कारला ३२० आणि टेम्पोला ४९५ टोल आहे, मागे हौदा दिसला की चुकून टेम्पोच्या क्लासचा टॅग लागू शकतो आणि मग प्रत्येक वेळी १७५ रुपये जास्त जातात. किमतीचंही तसंच, मालवाहू गाड्यांचा जीएसटी २२ सप्टेंबर २०२५ पासून २८ वरून १८ टक्के झाला आणि ह्या पिकअप त्याच गटात येतात, त्यामुळे जुन्या व्हिडिओतल्या किमती धरू नका, ऑन रोड कोटेशन लेखी घ्या.

फोर बाय फोरवर, म्हणजे चारही चाकांना जोर देणाऱ्या गाडीवर, लोक तासन् तास बोलतात, मी थोडक्यात सांगते. हायलक्स आपल्याकडे फक्त फोर बाय फोरच मिळते, व्ही-क्रॉसमध्ये दोन्ही, हाय-लँडर फक्त टू-व्हील. आमच्या शेताचा शेवटचा तुकडा पावसाळ्यात काळ्या चिखलाचा असतो आणि रिकामा हौदा असताना मागच्या चाकांवर वजन नसल्यामुळे टू-व्हील पिकअप तिथे फिरते, म्हणजे चाकं जागेवर फिरतात. पण तो तुकडा चालत जाण्याइतकाच आहे, आणि बाकी ताम्हिणी म्हणा वरंधा म्हणा, डांबरी रस्ताच आहे. मुळशी-वेल्ह्याच्या आत ज्यांचं रोजचं जाणं आहे, चढाची कच्ची वाट आहे, त्यांनी मात्र फोर बाय फोरच घ्यावी, तिथे पैसे वाचवू नका.

टोयोटाची सर्व्हिस सेंटरं गावोगाव आहेत आणि विकताना भाव चांगला येतो, इसुझूची कमी आहेत, पुण्यात असाल तर अडत नाही पण कोकणात किंवा मराठवाड्यात गाडी बंद पडली तर वाट बघावी लागेल. इसुझूची बॉडीही जुनी आहे, बाहेर २०१९ मध्येच नवी डी-मॅक्स आली, आपल्याकडे आधीच्याच पिढीवर काम चाललंय, आत बसल्यावर डॅशबोर्ड वीस लाखांच्या गाडीचा वाटत नाही. मला त्याचं काही वाटलं नाही, माझ्या हाताला अर्धा वेळ मातीच असते आणि जाडजूड बटणं मला आवडतात. क्लच शहरात जड लागतो हे मात्र खरं, हाय-लँडर मॅन्युअलच आहे, गुडघ्याचा त्रास असेल तर व्ही-क्रॉसची टू-व्हील ऑटोमॅटिक बघा.

टेस्ट ड्राइव्ह कशी घ्यायची तेवढं सांगते. एका शोरूमवाल्याने मला सर्व्हिस रोडने सरळ पुढे नेऊन सरळ परत आणलं आणि कशी वाटली विचारलं. असं करू देऊ नका. गाडी आपल्या सोसायटीत आणायला लावा, रॅम्पवरून खाली उतरवा, आपल्या खांबांच्या मधे रिव्हर्स लावून बघा, घरातलं सगळ्यात कमरेची तक्रार करणारं माणूस मागे बसवा, आणि फाळका एका हाताने उघडून बंद करा, तो चांगला जड असतो आणि दिवसातून अनेकदा उघडावा लागतो. दुसऱ्या शोरूममधला मुलगा ह्या सगळ्याला आनंदाने तयार झाला, स्वतः खाली उतरून रिव्हर्सला दिशा दाखवत होता, बुकिंग मी त्याच्याकडेच केलं.

तर पांढऱ्या रंगाची हाय-लँडर बुक केलीये. आता अडलंय ते हौद्याच्या झाकणाचं, कारण जून ते सप्टेंबर मालावर काहीतरी पाहिजेच. ताडपत्री बांधायची तर प्रत्येक स्टॉपला दोर सोडा आणि आवळा, कॅनॉपी, म्हणजे टपासारखं पक्कं झाकण, बसवायची तर उंच रोपं, पाम वगैरे, आत उभी राहणार नाहीत. माझा कल सध्या घडीच्या सॉफ्ट कव्हरकडे आहे, हवं तेव्हा गुंडाळून केबिनच्या मागे ठेवता येतं. आपल्या मुसळधार पावसात कोणी वापरलं असेल तर पाणी कुठून आत येतं तेवढं सांगा, डिलिव्हरीच्या आधी ऑर्डर द्यायचीये.