वेष्टनावर 'वाइडस्क्रीन', आत छाटलेला चित्रपट: डिस्क घेण्याआधी वाचा

जुना सिनेमास्कोप, म्हणजे खूप रुंद चौकटीतला, चित्रपट डिस्कवर घ्यायचा विचार असेल तर जरा थांबा. मी घेतलेल्या डिस्कच्या वेष्टनावर 'वाइडस्क्रीन', '१६:९', 'रिस्टोअर केलेली प्रत' असं सगळं ठळक छापलेलं होतं. आत निघाली ती दोन्ही बाजूंनी छाटलेली प्रत.

शंका आली श्रेयनामावलीत. नावं चालू होती तोवर चित्राच्या वर-खाली काळ्या पट्ट्या होत्या. शेवटचं नाव गेलं आणि पट्ट्या गायब, चित्र एकदम फुगून पडदाभर झालं. यातली मेख अशी की पडदाभर पसरलेली नावं छाटली तर अक्षरंच अर्धी होतात आणि चोरी तिथल्या तिथे पकडली जाते. म्हणून तेवढा भाग मूळ मापात ठेवायचा, कात्री त्यानंतर चालवायची. पुढे जेवणाच्या टेबलाचा प्रसंग आहे. नवरा एका टोकाला, बायको दुसऱ्या टोकाला. त्यांच्यातलं अंतर हाच त्या दृश्याचा जीव. माझ्या डिस्कवर डावीकडे त्याचं नाक, उजवीकडे तिचा चमचा धरलेला हात आणि मधोमध फुलदाणी! मग कॅमेरा हळूच तिच्याकडे सरकतो. मूळ दृश्यात तो जागचा हललेला नाही. ते सरकवणं डिस्क बनवणाऱ्याचं.

विक्रेत्याने आधी टीव्हीचं सेटिंग तपासायला सांगितलं. झूम बंदच होता. मग म्हणे, डिस्क उघडली आहे, परत घेता येत नाही. शेवटी जे उत्तर आलं ते ऐकून मी चाटच पडलो: "१६:९ छापलंय आणि १६:९ च दिलंय." खरी धूळफेक इथेच आहे. १६:९ हे तुमच्या टीव्हीचं माप, चित्रपटाचं नव्हे. २.३५:१ चा, म्हणजे उंचीच्या २.३५ पट रुंद असलेला, चित्रपट त्या चौकटीत ठासून बसवला की जवळजवळ चौथा हिस्सा चित्र जातं. व्हीएचएसच्या काळात ४:३ च्या टीव्हीसाठी तर ४३ टक्के जात असे, पण तेव्हा अनेक कॅसेटींवर 'तुमच्या पडद्यासाठी बदल केला आहे' एवढी कबुली तरी असायची.

म्हणून वेष्टनाच्या मागच्या बाजूला बारीक अक्षरांत २.३५:१ किंवा २.३९:१ असं मूळ प्रमाण छापलंय का ते बघा. हे प्रमाण कुठेच नसून नुसतं १६:९ असेल तर घेऊ नका. चित्रपटाचं मूळ प्रमाण आधी शोधून ठेवा, कारण काळ्या पट्ट्या नाहीत म्हणजे फसवणूकच, असंही नाही. १.८५:१ चा चित्रपट आजच्या टीव्हीवर जवळपास पूर्ण बसतो. उलट १९५३ मध्ये सिनेमास्कोप आलं, त्याआधीचे बहुतेक चित्रपट चौकोनी चौकटीतले. ते टीव्ही भरून दिसले तर वरून-खालून कापलेत असं समजा.

पट्ट्या दिसल्या की खात्री, असंही समजू नका. अमेरिकेत एमजीएम या चित्रपट कंपनीवर दावा झाला तो याच कारणावरून. ४:३ च्या प्रतीपेक्षा वाइडस्क्रीन डीव्हीडीत जास्त चित्र दिसतं असं वेष्टनावर होतं, पण १.८५:१ च्या काही चित्रपटांत रुंदी दोन्ही प्रतींत सारखीच होती, वाइडस्क्रीनमध्ये फक्त वर-खाली झाकलेलं होतं. तडजोडीत ग्राहकांना डिस्क बदलून किंवा ७.१० डॉलर मिळायची सोय झाली. (वर-खाली झाकणं ही तिथे दिग्दर्शकाचीच योजना असते, त्यामुळे मला त्या वाइडस्क्रीन प्रतीच बऱ्या वाटतात. पण खोटं ते खोटंच.)

तक्रारींचा उपयोग होत नाही म्हणणाऱ्यांसाठी: २०१९ च्या नोव्हेंबरात डिझ्नी प्लस या स्ट्रीमिंग सेवेवर 'द सिम्प्सन्स' या कार्टून मालिकेचे जुने ४:३ चे भाग वर-खाली कापून आले, कापलेल्या भागात विनोदही गेले, प्रेक्षकांनी ओरड केली आणि २०२० च्या मे महिन्यात मूळ चौकट परत आली.

माझ्या तक्रारीत शब्दांपेक्षा दोन चित्रांनी काम केलं. ट्रेलर बहुधा पूर्ण रुंदीचा असतो; त्यातली टेबलाची फ्रेम वर आणि डिस्कवरची तीच फ्रेम खाली, सोबत वेष्टनाचा फोटो. 'डिस्क आवडली नाही' असं कुठेही लिहिलं नाही, 'वर्णनाप्रमाणे माल नाही' असंच लिहीत राहिलो. पैसे परत आले. तीच डिस्क त्याच वेष्टनात अजूनही विकायला आहे.