मंगळाची वक्री गती दाखवणारा लाकडी संच

नागपूरच्या सीताबर्डीतील शालेय विज्ञानसाहित्याच्या एका दुकानातून साडेबाराशे रुपयांना घेतलेला हा प्लायवूडचा संच, मंगळ मधूनच उलटा का चालतो हा ग्रहगतीच्या इतिहासातील जुना आणि अवघड प्रश्न केवळ एक मूठ फिरवून उलगडून दाखवतो. पृथ्वी आणि मंगळ अनुक्रमे १७ व ३२ दातांच्या चाकांनी जोडलेले आहेत. त्यामुळे पृथ्वीच्या ३२ फेऱ्यांत मंगळाच्या १७ पूर्ण होतात, आणि प्रत्यक्ष आकाशाशी ताडून पाहिले तर बत्तीस वर्षांत जेमतेम नऊ दिवसांचा फरक पडतो. एवढ्या किमतीत इतकी काटेकोर निवड करणाऱ्याचे मनापासून कौतुक वाटते. पृथ्वीवर बसवलेली पितळी सळई मंगळातून आरपार जाऊन बाहेरच्या राशिपट्ट्यावर टेकते. पृथ्वी मंगळाला गाठू लागली की सळईचे टोक मंदावते, थबकते, मागे सरकते आणि पुन्हा मार्गी होते. पंचांगात वक्री-मार्गी वाचत आलेल्या वडीलधाऱ्यांनीही ही मूठ पुन्हा पुन्हा फिरवून पाहावी, असे हे दृश्य आहे.

मात्र हे अर्धेच गणित आहे. आर्यभटाच्या ४९९च्या ग्रंथात ग्रहाला मंद आणि शीघ्र असे दोन संस्कार, म्हणजे गणितातील दुरुस्त्या, दिले आहेत. आजच्या भाषेत सांगायचे तर, मंगळासाठी शीघ्र संस्कार पृथ्वीच्या स्वतःच्या फिरण्याचा परिणाम हिशेबात घेतो आणि मंद संस्कार मंगळाच्या कमीजास्त वेगाचा. हा संच शीघ्र उत्तम दाखवतो, मंद मुळीच नाही, कारण त्यात सूर्य मंगळाच्या कक्षेच्या अगदी केंद्रावर आहे. खगोलनिरीक्षक टायको ब्राहेच्या मंगळाच्या नोंदींशी गणित केवळ आठ कलांनी, म्हणजे चंद्रबिंबाच्या पाव भागाइतके, जुळेना, म्हणून खगोलशास्त्रज्ञ केप्लरने वर्तुळ सोडले आणि १६०९ मध्ये लंबवर्तुळ मांडले. सोबतच्या पुस्तिकेत ते लंबवर्तुळ अंड्यासारखे लांबट काढले आहे, आणि ही चूक मुलांच्या मनात घट्ट बसते. संचातील मंगळाची कक्षा ६ सेंटिमीटर त्रिज्येची आहे. या मापात तिचा खरा चपटेपणा पाव मिलिमीटर भरेल, पण सूर्य केंद्रापासून साडेपाच मिलिमीटर सरकेल. याच सरकण्यामुळे २०१२च्या मार्चमध्ये सुमारे १० कोटी किलोमीटरपर्यंतच जवळ आलेला मंगळ २०१८च्या जुलैत ५.८ कोटींपर्यंत आला होता. एक खाच आणि एक खुंटी वाढवली असती तर वेगातील फरकही दाखवता आला असता. दोन हजार वर्षांपूर्वीच्या अँटिकिथेरा या ग्रीक खगोलयंत्रात चंद्राची असमान गती नेमकी अशीच साधली होती.

पावसाळ्यात प्लायवूड फुगून दात अडकतात, तेव्हा थोडे मेण चोळावे लागते. आठवी-नववीच्या वर्गासाठी संच जरूर घ्यावा, पुस्तिकेतील लंबवर्तुळाची आकृती मात्र शिक्षकांनी फळ्यावर योग्य प्रमाणात काढून द्यावी. रमण विज्ञान केंद्राच्या तारांगणात आधी आकाश पाहून आलेल्या मुलांना राशिपट्टा लवकर कळतो, म्हणून शाळांनी तोच क्रम ठेवावा.