दबून बोलणारा माणूस ओळखायचा कसा: लातूरची कार्यशाळा, जरूर करा

औसा रोडला एका ट्रेनिंग सेंटरमध्ये बॉडी लँग्वेजची एक दिवसाची कार्यशाळा केली, बँकेत, तहसीलला, दवाखान्यात काउंटरवर बसणाऱ्यांसाठी होती, अन् विषय एकच, समोरचा माणूस दबून बोलायलाय हे ओळखायचं कसं. फी ८०० रुपये जेवणासकट, पैसे वसूल.

खांदे आत, मान खाली, आवाज बारीक, ह्या सबमिसिव्ह, म्हणजे दबलेपणाच्या खुणा तर कुणी पण सांगेल. खरा कस रोल प्लेमध्ये होता. एक गुरुजी पीककर्जाला आलेले शेतकरी झाले, खुर्चीच्या कडेला टेकलेले, पासबुकाची सुरळी मुठीत, पाय दाराकडं, अन् साहेबाचं वाक्य संपायच्या आतच "हो साहेब, हो साहेब". शिकवणाऱ्या मॅडमनी तिथंच थांबवून विचारलं, ह्यांना सगळं समजलं असं कुणाला वाटतंय? बरेच हात वर. मग साहेबाला टेबलाच्या अलीकडं आणून शेजारी बसवलं, फॉर्म दोघांच्या मधी, आणि "समजलं का" विचारायचं नाही, "कर्ज कधीपर्यंत भरायचं ते तुम्हीच सांगा" असं विचारायला लावलं. तवा कुठं गुरुजी म्हणले, "तारखेचं काही ध्यानात नाही आलं बघा." लई पटलं मला, कारण आमच्याकडं रोज हेच होतंय, माणूस मान डोलावतो, सही करतो अन् जातो.

दुसरं चांगलं म्हणजे अदब आणि भीती वेगळी करून दाखवली. थोरामोठ्यांपुढं नजर खाली ठेवायची रीतच आहे आपल्याकडं, म्हणून एका खुणेवर जायचं नाही, बाहेर बाकड्यावर तोच माणूस कसा बोलत होता अन् केबिनमध्ये आल्यावर काय बदललं ते बघायचं.

एक स्टार कापला तो संवादाचा ९३ टक्के भाग आवाज अन् हावभावांचा असं सांगणाऱ्या स्लाइडसाठी. संवादात शब्द फक्त ७ टक्के हे सरसकट खरं नाही, हा आकडा ज्यावरून आला ते मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट मेहराबियनचे १९६७ चे प्रयोग सुटे शब्द, आवाज अन् चेहरा ह्यांतून आवड-नावड कशी कळते एवढ्यापुरतेच होते, अन् हे त्यांनी स्वतःच सांगितलंय. शब्द सोडून नुसतं अंग वाचायला लागलं तर गरीब माणसाचंच नुकसान होतं, म्हणून ती स्लाइड काढाच.

पुढची बॅच खरिपाच्या कर्जाची गर्दी सुरू व्हायच्या आधी ठेवा, आमच्या शाखेतले अजून दोघं-तिघं यायला तयार आहेत.