वजनाच्या ऑपरेशननंतर प्रोटीन कशातून घ्यावं? खान्देशी घरासाठी तुलना

वजन कमी करण्याचं ऑपरेशन झालेल्या माणसाला घरी सोडताना डॉक्टर एक आकडा लिहून देतात. बहुतेकांसाठी तो दिवसाला ६० ते ८० ग्रॅम प्रोटीन असा असतो. आकडा सोपा वाटतो, अडतं ते पोटाच्या मापावर. स्लीव्ह या प्रकारच्या ऑपरेशनमध्ये जठराचा मोठा भाग काढला की उरलेल्या नळीत १०० ते १५० मिली मावतं. बायपास या दुसऱ्या प्रकारात (हृदयाचं नव्हे, जठराचं) उरणारी पिशवी तर सुरुवातीला ३० मिलीच्या आसपास असते. म्हणून कशात प्रोटीन जास्त, एवढं विचारून भागत नाही. अर्ध्या वाटीत जेवढं मावेल तेवढ्यातून किती मिळेल, हे बघावं लागतं.

माझ्या थोरल्या जाऊबाईंचं स्लीव्ह नाशिकला झालं, पण पुढचं सगळं चाळीसगावच्या आमच्या स्वयंपाकघरात निभवायचं होतं. दिलेला आहाराचा तक्ता चांगला होता. फक्त त्यात ओट्स आणि टोफू होते. कळण्याची (ज्वारी-उडदाची) भाकर, वरण, ताक, भरीत यांचं काय करायचं ते नव्हतं. जे घर आज याच जागी उभं आहे त्याच्यासाठी हे लिहिते आहे.

आधी आकडे. एका वेळी खाल्ल्या जाणाऱ्या मापात साधारण किती प्रोटीन मिळतं ते असं:

| पदार्थ | माप | प्रोटीन |
|---|---|---|
| घट्ट वरण | अर्धी वाटी | ४ ते ५ ग्रॅम |
| साधं दही | अर्धी वाटी | अडीच ते ३ ग्रॅम |
| चक्का (पाणी निथळलेलं दही) | अर्धी वाटी | ६ ते ७ ग्रॅम |
| पनीर | ५० ग्रॅम | ९ ग्रॅम |
| अंडं | १ | ६ ग्रॅम |
| शिजलेलं चिकन | ६० ग्रॅम | १५ ग्रॅमच्या पुढे |
| शिजलेला मासा | ६० ग्रॅम | १२ ग्रॅम |
| सोयाबीन वडी | २० ग्रॅम कोरडी | १० ग्रॅम |
| व्हे आयसोलेट पावडर | ३० ग्रॅमचा चमचा | २४ ते २७ ग्रॅम |

डाळ आणि तिच्यावरचा आपला भरवसा

आपल्याकडे प्रोटीन म्हटलं की डाळ. शेतात तूर, उडीद, मूग; जळगावच्या एमआयडीसीत डाळ मिल; घरात फौजदारी डाळ, उडदाची आमटी, रविवारी वरणबट्टी. तुरीच्या डाळीत १०० ग्रॅमला २२ ग्रॅम प्रोटीन असतं हेही खरं आहे. पण तो आकडा कोरड्या डाळीचा. शिजताना ती दुप्पट-तिप्पट पाणी पिते आणि वाटीत मुख्यतः पाणीच येतं. घट्ट वरणाच्या अर्ध्या वाटीतून ५ ग्रॅम धरले तरी ६० ग्रॅमसाठी अशा बारा अर्ध्या वाट्या लागतील. नव्या पोटाला ते जमणारच नाही. पातळ वरणाचं तर बोलायलाच नको.

मला सगळ्यात जास्त काळजी याचीच वाटते. घरात सगळे मनापासून वाढत असतात, "थोडंसं खाई ल्या" म्हणत असतात, माणूसही खात असतो, आणि दिवसाची बेरीज २५ ग्रॅमच्या पुढे जात नाही. मग वजनाबरोबर स्नायूही झिजतात, जिना चढताना पाय थरथरतात, दम राहत नाही.

तरी डाळ सोडू नये. कळण्याच्या भाकरीत मोठं शहाणपण आहे: ज्वारीत लायसिन हे अमिनो आम्ल (प्रोटीनचा एक घटक) कमी असतं, उडदात ते भरपूर असतं, आणि दोन्ही एकत्र दळले की एकाची उणीव दुसरं भरून काढतं. पण ही भाकर नेहमीचं घट्ट जेवण सुरू झाल्यावरची, आणि तीही दोन-चार घास, ताटात शेवटी. डाळ रोज असावी, पण दिवसाचा आकडा तिच्या भरवशावर ठेवू नये.

पावडर: कोणाला, कधी

"डब्यातलं नको, घरचं बरं" असं आमच्याकडेही म्हणत होते. पहिल्या दोन-तीन आठवड्यांत मात्र तोंडाने फक्त पातळ पदार्थ जातात. तेव्हा घरच्या कुठल्याच पातळ पदार्थाला व्हेची बरोबरी करता येत नाही. व्हे म्हणजे दुधाच्या निवळीतलं प्रोटीन. माळकरी घरात अडचण येत नाही. व्हेच्या दोन प्रकारांत कॉन्सन्ट्रेटपेक्षा आयसोलेट घ्यावं, कारण त्यात दुधातली साखर, म्हणजे लॅक्टोज, जवळजवळ नसतं. ऑपरेशननंतर, विशेषतः बायपासनंतर, आधी दूध पचणाऱ्यांनाही लॅक्टोजने पोट फुगणं, जुलाब असा त्रास होऊ शकतो.

खान्देशात पावडरच्या बाजूने आणखी एक कारण आहे, ते म्हणजे ऊन. भुसावळ-जळगावचा पारा मे महिन्यात ४५ च्या वर जातो. पाणी घोट घोटच प्यायचं, जेवताना प्यायचं नाही, जेवणानंतर अर्धा तास थांबायचं, आणि तरी दिवसभरात दीड ते दोन लिटर पोटात जायला हवं. अशा दिवसांत जेवण आणि पाणी एकमेकांची वेळ खातात. पाण्यात कालवलेली पावडर तासाभरात थोडी थोडी प्यायली की दोन्ही हिशेबात धरता येते. जाऊबाईंना गोड वासाचा कंटाळा आला तेव्हा बिनचवीची पावडर आणली आणि जिरं-मीठ घालून पातळ ताकातून दिली. कोमट वरणातही ती चालते. उकळत्या वरणात टाकली तर गुठळ्या होतात.

दुकानात मिळणारं सगळंच मात्र प्रोटीन नसतं. वजन वाढवण्यासाठीच्या मास गेनर पावडरमध्ये बहुतांश पिठूळ साखरी पदार्थ असतात. दुधात टाकायच्या चॉकलेटी पावडरींत साखर जास्त, प्रोटीन थोडं. कोलॅजन पावडरमध्ये ट्रिप्टोफॅन हे गरजेचं अमिनो आम्लच नसतं, त्यामुळे मुख्य प्रोटीन म्हणून ती उपयोगाची नाही. डब्यामागे एका चमच्याला किती ग्रॅम प्रोटीन आणि किती साखर लिहिली आहे ते वाचूनच पैसे द्यावेत. खर्च आहेच, या यादीत पावडर महागाच्या बाजूला बसते. म्हणून माझं मत असं: पहिले दोन-तीन महिने ती मुख्य ठेवा, पुढे दिवसातून एकदा.

अंडी, चिकन, मासे

घरात अंडं चालत असेल तर निर्णय बराच सोपा होतो. स्वस्त आहे, मऊ शिजतं, पचायला सोपं आणि प्रोटीन उत्तम दर्जाचं. मऊ खाण्याच्या टप्प्यावर कमी तेलात ओलसर भुर्जी करावी. काहींना ऑपरेशननंतर अंड्याचा वास नकोसा होतो. जबरदस्ती करू नये, काही आठवड्यांनी पुन्हा द्यावं.

चिकनमध्ये प्रोटीन जास्त, पण कोरडं चिकन अडकतं. छातीत दाटतं, तोंडाला पाणी सुटतं, उलटी होते. खिमा करून, चांगला शिजवून, थोड्या ओलाव्यासह द्यावा. शिळं चिकन पुन्हा गरम केलं की आणखी घट्ट होतं. मासा त्याहून सोपा: काटे नीट काढलेला ताजा मासा मऊ पडतो आणि लवकर सोसतो. उकाई धरणाच्या फुगवट्याजवळच्या नवापूर भागातल्या लोकांनी हा पर्याय आधी धरावा. काळ्या मसाल्याचं मटण सगळ्यात शेवटी. बकऱ्याचं मांस या पोटाला सोसायला वेळ लागतो, आणि रश्श्याची तर्री म्हणजे तेल; तिच्यात प्रोटीन नाही.

माळकरी घर: पनीर, चक्का, सोयाबीन

अंडंही न शिवणारी घरं आपल्याकडे पुष्कळ आहेत, आणि त्यांना "मग जमणार नाही" असं सांगणं अन्यायाचं आहे. जमतं, फक्त आखणी लागते.

दही कपड्यात बांधून रात्रभर टांगलं की पाणी निथळतं आणि त्याच अर्ध्या वाटीत दुपटीने प्रोटीन मावतं. आपल्याकडे म्हशीचं दूध सरस मानतात, पण साय काढूनच विरजावं. एवढी चरबी या पोटाला जड जाते. चक्क्यात साखर घालून श्रीखंड करू नये. जिरेपूड, मीठ, कोथिंबीर पुरे. पनीरही साय काढलेल्या दुधाचं, कुस्करून, तळल्याशिवाय. स्किम्ड दुधाची पावडर हा दुर्लक्षित पर्याय आहे: १०० ग्रॅममध्ये ३५ ग्रॅमच्या आसपास प्रोटीन असतं, आणि ताकात किंवा सूपमध्ये दोन मोठे चमचे सहज विरघळतात. लॅक्टोज सोसत नसेल त्यांनी मात्र ती टाळावी.

सोयाबीनच्या वड्या प्रोटीनच्या मानाने सगळ्यात स्वस्त. उकळून, दोनदा पिळून, मिक्सरमधून काढून खिम्यासारख्या केल्या तरच द्याव्यात. अख्खी वडी पोटात फुगते. शेंगदाण्यांत प्रोटीन आहे, पण जवळपास अर्धं वजन तेलाचं, म्हणून चटणीपुरते. आणि केळं: रावेर-यावलचं कितीही गोड असलं तरी एका केळ्यात प्रोटीन जेमतेम १ ग्रॅम. साखर घातलेलं शिकरण तर बायपासवाल्यांना घाम, धडधड, जुलाब असं डंपिंग घडवू शकतं.

निवड करायची तर

अंडं-मांस चालणाऱ्यांनी तिसऱ्या महिन्यानंतर असा दिवस धरावा: सकाळी दोन अंडी, दुपारी चिकन किंवा मासा, संध्याकाळी चक्का, मध्ये ३० ग्रॅमचा एक चमचा पावडर. रोजच्या वरणासकट ६० च्या आसपास होतात. माळकरी घरात पनीर, सोया खिमा, चक्का यांच्यासोबत पावडर वर्षभर तरी ठेवावी असं मला वाटतं. तिच्याशिवाय रोज ६० गाठणं अवघड जातं. भरीत पार्टीला जरूर जावं, पण ताटात आधी प्रोटीन, मग भरीत, मग भाकरीचा तुकडा. मूत्रपिंडाचा आजार असलेल्यांनी यातला कुठलाच आकडा धरू नये. त्यांचं माप त्यांच्या डॉक्टरांनीच ठरवायचं.

तीन-चार महिन्यांनी केस गळू लागतात तेव्हा घाबरून पावडर दुप्पट करू नये. झपाट्याने वजन उतरल्यामुळे हे पुष्कळांना होतं आणि बहुतेकदा थांबतं. खूप लांबलं तर प्रोटीनसोबत लोह आणि जस्तही तपासून घ्यावं. बी१२, लोह, कॅल्शियम, डी जीवनसत्त्व यांच्या गोळ्या प्रोटीन पूर्ण झालं म्हणून बंद करायच्या नसतात, त्या कायमच्या. पायावर सूज आली तर डॉक्टरांना दाखवावं. आणि रोज उलट्या होऊन काहीच पोटात टिकत नसेल तर घरी पदार्थ बदलत बसू नका: थायमिन (बी१ जीवनसत्त्व) कमी पडून नसांना आणि मेंदूला इजा होऊ शकते, त्याच दिवशी ऑपरेशन केलेल्या डॉक्टरांना फोन करा.