भाजीची चौकशी करणारं मेडिकल

डोंबिवली पूर्वेला आमच्या गल्लीच्या तोंडाशी असलेल्या मेडिकलला पाचपैकी चार तारे. एक कापला, कारण सूट काडीची नाही, घरपोच नाही आणि दुपारी दीड ते पाच शटर खाली!

तरी ऑनलाइन सोडून मी इथेच का जाते, ते सांगते. सासूबाईंची हृदयाची झडप बदलली आहे. रक्त पातळ ठेवायची गोळी रोज, आणि आयएनआर, म्हणजे रक्त गोठायला किती वेळ लागतो ते सांगणारा तपासणीतला आकडा, २.५ ते ३.५ मध्ये हवा. श्रावणात तो १.९ आला. डॉक्टरांनी डोस वाढवला. मी चिठ्ठी घेऊन गेले, तर काउंटरवरच्या ताई म्हणाल्या, "आजींचं जेवण बदललंय का हल्ली?"

बदललं होतं की! मागच्या अंगणात अळू माजलेलं. अळूवडी, फदफदं, वर मेथी, शेपू. पालेभाजीत के जीवनसत्त्व भरपूर, आणि ही गोळी नेमकी त्याच्याच कामात खोडा घालून रक्त गोठू देत नाही. भाजी वाढली की गोळी हरते. ताईंनी आधी डॉक्टरांना फोन करायला लावला. डॉक्टरांनी जुनाच डोस ठेवला आणि आठवड्याने पुन्हा तपासणी सांगितली.

मी घरी येऊन पालेभाजी पार बंद करणार होते. त्यावर ताई जवळजवळ ओरडल्याच: "अहो, बंद नाही! रोज साधारण तेवढीच." नवरात्राच्या आधी त्यांनी आपणहून आठवण केली, की नऊ दिवस नुसता साबुदाणा आणि बटाटा खाल्ला तर आकडा उलटा वर जाईल, रक्तस्रावाचा धोका. सासूबाईंनी यंदा उठता-बसता केला. कुरकुरत.

माझी थायरॉइडची गोळीही तिथेच सुधारली. मी ती कॅल्शियमच्या गोळीसोबत चहाबरोबर ढकलायचे आणि टीएसएच (रक्ततपासणीतला थायरॉइडचा आकडा) का उतरत नाही म्हणून वैतागायचे. आता उठल्यावर नुसत्या पाण्याबरोबर, चहा तासाभराने, कॅल्शियम रात्री.

संध्याकाळी गेलात तर काउंटरवर त्यांचे दीर असतात. ते फक्त पिशवी आणि पावती देतात. सकाळी अकराच्या सुमारास जा.